लाकडी फरशी, पावसाळा आणि यत्नाचार



आषाढ लागला की आपल्या घरांत दोन कामं एकदमच निघतात. एकीकडे चातुर्मासाचे नियम ठरतात आणि दुसरीकडे घरातल्या ओलीशी सामना सुरू होतो. पीठ ताजं दळायचं, डाळी-कडधान्यं हवाबंद डब्यांत भरायची, पापड-लोणच्यांच्या बरण्या उघडून पाहायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत घरात एक नवीन वस्तू आली आहे. तिची काळजी कशी घ्यायची हे आपल्या आई-सासूला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ती वस्तू म्हणजे लाकडी दिसणारी फरशी, दुकानदार जिला ‘वुडन फ्लोअरिंग’ किंवा ‘लॅमिनेट’ म्हणतात.

अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींत निदान एका बेडरूममध्ये तरी ही फरशी दिसते. दिसायला सुंदर, पायाला ऊबदार. पावसाळ्यात लादी गार पडते आणि गुडघेदुखी असलेल्या आपल्या सासवा सामायिकाला बसायला कुरकुरतात, तेव्हा ही फरशी बरी वाटते. आमच्याही घरी ती याच कारणासाठी आली. पण ती घ्यायची तर ओलीचा विचार आधी करायचा, हे मला जाऊबाईंच्या घरी जे पाहिलं त्यावरून पटलं होतं. ते पुढे सांगतेच. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

नाव लाकडाचं असलं तरी ही फळी झाडाची सरळ कापलेली फळी नसते. लाकडाचे तुकडे वाफवून, दळून त्यांचे कापसासारखे तंतू करतात. त्यात राळेसारखा चिकट पदार्थ मिसळतात आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या यंत्रात प्रचंड दाबाने दाबतात. दाब जास्त दिला की एचडीएफ बनतं आणि थोडा कमी दिला की एमडीएफ. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, तर एचडीएफ ८०० किलोच्या वर. म्हणजे ते सागवानापेक्षाही जड आणि घट्ट. वर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि त्यावर पारदर्शक, टणक थर. म्हणून वरून पाणी सांडलं तरी लगेच काही होत नाही आणि आपण निर्धास्त होतो.

खरी गोष्ट कडांना आहे. दोन पट्ट्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे आतले तंतू उघडे असतात. तिथून पाणी आत शिरलं की दाबून ठेवलेले तंतू पाणी पितात, सुटतात आणि फुगतात. एकदा सुटले की सुकल्यावरही पूर्वीसारखे बसत नाहीत, कारण तो दाब आता कुणी द्यायचा? साध्या लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं आणि दिवाळीत पुन्हा नीट लागतं. या फळीचं तसं होत नाही. कडा एकदा उचलली की उचललीच.

ही फरशी मूळची आपल्या हवेची नाहीच. १९७७ साली स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने ती तयार केली. तिथे थंडीत घरं तापवतात, त्यामुळे घरातली हवा कोरडीठाक असते. बनवणारे सांगतात की खोलीतली आर्द्रता ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. आणि आपण? जुलैत सह्याद्रीच्या पायथ्याशी बाहेरची हवा नव्वद टक्क्यांपर्यंत सहज जाते. इथल्या जुन्या लोकांनी या हवेत दगडच पसंत केला. आपल्या गावातलं वालधुनीकाठचं शिवमंदिर १०६० सालचं आहे, साडेनऊशेहून जास्त पावसाळे त्याने काढले. इथे विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, पण काडेपेटी घेणारी प्रत्येक गृहिणी पावसाळ्यात ती चुलीजवळच्या कोरड्या डब्यातच ठेवायची. लाकूड हवेतलं पाणी ओढतं हे आपल्या बायकांना केव्हापासून माहीत आहे.

आता जाऊबाईंची गोष्ट. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. त्यामुळे २७ जुलै २०१९ ही तारीख आमच्या घरात कुणी विसरत नाही. उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी गाडीत होते, सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. गाडी आमच्या गावची, म्हणून नातलगांचे फोन दिवसभर सुरू होते. त्याच दिवशी बदलापूर पश्चिमेला जाऊबाईंच्या तळमजल्याच्या घरात घोटाभर पाणी आलं होतं. दोन्ही खोल्यांत वर्षभरापूर्वीच ही लाकडी फरशी बसवलेली.

पाणी संध्याकाळी ओसरलं. त्यांनी चिखल काढला, पुसून घेतलं, चार दिवस पंखे लावले. काम केलेला माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, वरून सुकलंय, आता काही काळजी नाही. वरून खरंच सुकलं होतं. पण खाली फोमचा थर पाणी धरून बसला होता. वरचा टणक थर आणि खालचा स्लॅब यांच्या मध्ये वाफेला जायला वाटच नव्हती.

दशलक्षण पर्व आलं. त्या वर्षी ३ सप्टेंबरला ऋषिपंचमी होती. सासूबाई त्यांच्याकडे दहा दिवसांची एकाशनं करायला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मीही गेले. दार उघडताच कुबट वास आला. पट्ट्यांच्या कडांना काळी किनार उमटली होती आणि पलंगाजवळची एक पट्टी बोटभर उचलली गेली होती. भावोजींनी ती अलगद काढली. खाली पांढरी-हिरवी बुरशी पसरलेली आणि तिच्यातून बारीक किडे लगबगीने पळत होते.

सगळ्या गप्प झाल्या. पर्वाचे दिवस, घरात व्रत चालू आणि पायाखाली ही जीवराशी. जाऊबाई म्हणाल्या, “आई, अनंत चतुर्दशीपर्यंत हात लावायला नको. दहा दिवस हिंसा नको म्हणून तर आपण हिरवी भाजीसुद्धा सोडतो.” बाहेर उभा असलेला माणूस म्हणत होता की आज फवारणी करून घ्या, उद्या सगळं साफ.

दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक याप्रमाणे वाचले जातात हे तुम्हाला माहीत आहे. तो दुसरा दिवस होता, दुसऱ्या अध्यायाचा. जन्माचे तीन प्रकार त्याच अध्यायात येतात: सम्मूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. सासूबाई सकाळीच मंदिरात ऐकून आल्या होत्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, ओल आहे तोवर हे जीव उपजतच राहणार. आज शंभर आहेत तर चतुर्दशीला हजार होतील. मग काढशील तेव्हा हजारांना हात लागेल. थांबण्यात धर्म नाही. आज काढा, पण फवारा नको.”

मला त्या क्षणी जे समजलं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. आपण गृहस्थ. स्वयंपाक, झाडलोट, धुणं-भांडी यात जी हिंसा घडते ती आरंभी हिंसा. ती पूर्ण सुटत नाही, म्हणून आपण ती यत्नाने कमी करतो. पण मारायचं म्हणून मारणं, म्हणजे औषध आणून फवारणं, ही संकल्पी हिंसा. ती श्रावकाने सोडायची असते. ओल ही अशी गोष्ट आहे की ती राहू दिली तर आपल्याला आरंभीकडून संकल्पीकडे ढकलत नेते. आधी बुरशी, मग किडे, मग वाळवी आणि शेवटी दारात औषधवाला. श्वेतांबर मैत्रिणी पाठशाळेत जीवविचार शिकतात. त्यात बुरशी-शेवाळ अनंतकायात गणले आहेत आणि वाळवी तीन इंद्रियांच्या जिवांत. म्हणजे एका ओल्या पट्टीखाली किती संसार उभा राहतो ते बघा. तो उभा राहू न देणं आपल्या हातात असतं. उभा राहिल्यावर मात्र आपल्या हातात फारसं चांगलं काही उरत नाही.

त्या दिवशी आम्ही सगळ्या पट्ट्या हाताने, न आपटता काढल्या. मऊ कुंचल्याने किडे कागदावर घेऊन कुंपणाच्या कडेला सोडले. पट्ट्या उन्हात टाकल्या नाहीत. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, सावलीत, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी उभ्या केल्या. काही जीव गेले असतीलच. सासूबाईंनी त्या रात्री प्रतिक्रमणात त्यांची क्षमा मागितली. नंतर महिनाभर जमीन उघडी ठेवून सुकू दिली आणि जाऊबाईंनी तिथे साधी लादी बसवली.

मग आम्ही वरच्या मजल्यावर हीच फरशी का बसवली, असं तुम्ही विचाराल. कारण पुराचं पाणी तिथे येणार नव्हतं आणि बाकीचं पाणी कुठून येतं हे आता समजलं होतं. पाणी चार वाटांनी येतं: खालून, बाजूने, वरून आणि हवेतून. एकेक वाट पाहू.

खालून. तळमजला असेल तर माझं सरळ मत, ही फरशी नको. वरच्या मजल्यावर बसवण्यापूर्वी स्लॅबची परीक्षा घ्या. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक जमिनीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि २४ तासांनी उचलून पाहायचं. प्लास्टिकच्या आतून घाम दिसला किंवा खालची जमीन काळपट झाली तर ओल आहे. ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका, तेव्हा सगळंच कोरडं असतं. भाद्रपदात घ्या. बसवताना स्लॅबवर आधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, मग फोम, मग पट्ट्या. प्लास्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर वीतभर चढवून चिकटपट्टी लावायची आणि भिंतीशी थोडं वर वळवायचं. वेळ वाचवायला हाच थर गाळला जातो, म्हणून त्या वेळी घरात हजर राहा. पट्ट्यांची खोकी न फोडता त्याच खोलीत दोन दिवस आडवी ठेवायची, म्हणजे फळी त्या हवेला सरावते.

बाजूने. भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर फट सोडतात. ती चूक नव्हे. हवेतली ओल पिऊन फळी थोडी पसरते, तिला जागा लागते. स्कर्टिंगमागे ती झाकली जाते. ती फट सिमेंटने कधीच भरून घेऊ नका. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा खालचा हातभर भाग पाहत राहा. रंग फुगला, पोपडे आले की समजायचं, पाणी झिरपतंय. आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, मग फरशी. बाथरूमच्या दाराशी दगडी उंबरा असू द्या आणि लाकडी पट्टी संपते तिथली रेषा सिलिकॉनने बंद करून घ्या. खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं पावसाआधी मोकळी करा. ती बुजली की झडीचं पाणी थेट आत येतं.

वरून. इथे आपली सवय आड येते. लादीवर बादलीभर पाण्याने पोछा मारायची सवय. या फरशीला तेवढं पाणी चालत नाही आणि आपल्या धर्मालाही ते कधी मान्य नव्हतंच. जलकायिक जिवांचा विचार करून पाणी गाळून, मोजून वापरावं हे आपण लहानपणापासून ऐकतो. आधी मऊ केरसुणीने हलक्या हाताने झाडायचं, म्हणजे मुंगी-किडा बाजूला होतो. मग अर्धा तांब्या गाळलेलं पाणी, त्यात फडकं भिजवून अगदी घट्ट पिळायचं. पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे. दिसली नाही तर पाणी जास्त झालं. कामाला येणाऱ्या ताईंना हे एकदा शेजारी उभं राहून दाखवा, नुसतं सांगून होत नाही. वाफेचा मॉप मुळीच वापरू नका, ती वाफ कडांतून थेट तंतूंत जाते. अंघोळ करून ओल्या पायांनी येणाऱ्यांसाठी दाराशी जाड पायपुसणं ठेवा आणि तेही रोज वाळत घाला. ओलं पायपुसणं फरशीवर दिवसभर पडून राहिलं तर फरशी त्याच्याखालीच आधी फुगते. सोवळ्याचे ओले कपडे, ओली छत्री आणि झाडांच्या कुंड्या या खोलीत नकोत. देवघर, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या बाहेरची जागा इथे लादीच बरी.

हवेतून. ही वाट आपल्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालतो ना? एका वेळच्या धुण्यातून दोन-एक लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. कपडे ड्राय बाल्कनीत किंवा लादीच्या खोलीत पंख्याखाली वाळवा. बाहेर पाऊस असताना खिडक्या उघडून खोली सुकत नाही, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. ऊन पडलं की उघडा. एसी असेल तर झड लागलेल्या दिवसांत तासभर ‘ड्राय’वर लावा. काहीशे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो. तो भिंतीला लावला की अंदाज राहत नाही, आकडा दिसतो. आमच्याकडे तो सत्तरच्या पुढे गेला की सासूबाईच हाक मारतात.

आणि एवढं करूनही पाणी शिरलंच तर? वाट पाहू नका. ओल लागल्यापासून २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्याआधीचे तास आपले. पाणी सांडलं असेल तर लगेच टिपा. पट्ट्यांखाली गेल्याची शंका असेल तर स्कर्टिंग काढा आणि तेवढ्या पट्ट्या त्याच दिवशी उचला. या पट्ट्या एकमेकींत नुसत्या अडकवलेल्या असतात, माहीतगार माणूस एका सकाळी खोली उघडतो. फोम आणि प्लास्टिक कोरडं करा, पट्ट्या पंख्याखाली उभ्या ठेवा. न फुगलेल्या पुन्हा लागतात. म्हणूनच बसवताना पाच-सहा पट्ट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. फुगलेल्या पट्ट्या गावाकडे बंबात जाळायला देऊ नका. त्यातल्या चिकट पदार्थाचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट.

वाळवीबद्दल थोडं. ती मातीतून, ओलीच्या मागाने येते आणि भिंतीवर मातीची बारीक नळी करत चढते. कोरड्या, मोकळ्या, वरचेवर पाहिलेल्या जागी ती सहसा वस्ती करत नाही. म्हणून महिन्यातून एकदा पलंग आणि कपाट सरकवून कोपरे बघायचे. आपण पिंछीने किंवा मऊ कुंचल्याने आसन पुसूनच बसतो, तीच नजर थोडी कोपऱ्यापर्यंत न्यायची. ज्यांच्या घरी वाळवी आधीच आली आहे त्यांना मी उपदेश करणार नाही. घर वाचवायचं की नियम पाळायचा हा प्रश्न फार अवघड असतो आणि तो ज्याचा त्याने सोडवायचा असतो. ती वेळ येऊ नये यासाठी वर्षभर जे करता येतं तेवढंच मी लिहिलं आहे.

दशलक्षण आणि पर्युषणाच्या आधी आपण घर आवरतोच. या वर्षी त्या यादीत ही चार कामं लिहून ठेवा: बाथरूमलगतची भिंत बघणं, खिडकीची भोकं मोकळी करणं, पलंगाखालच्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून ती उचलली आहे का हे पाहणं आणि पायपुसणी वाळवणं. अर्ध्या तासाचं काम आहे. पर्व सुरू होण्यापूर्वी झालं तर दहा दिवस मन स्वाध्यायात राहील, फरशीत राहणार नाही.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.